पाना उचलायच्या आधी: क्लच आणि इलेक्ट्रिकचा फॉल्ट नेमका कसा पकडायचा



टू-व्हीलर गॅरेज टाकायचंय, सोबत स्पेअर पार्टचं छोटं दुकान काढायचंय, असं म्हणत माझ्याकडे ट्रेनिंगला जी मुलं येतात, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "सर, भांडवल किती लागेल?" दुसरा प्रश्न, "मार्जिन किती सुटतं?" तिसरा प्रश्न मात्र फारसं कुणी विचारत नाही. "गाडीत नेमकं काय बिघडलंय, हे ओळखायचं कसं?" आणि गॅरेज बसतं ते नेमकं या तिसऱ्या प्रश्नावर.

पार्ट बदलणं अवघड नाही. दोन-तीन महिने हाताखाली काम केलं की कुणालाही जमतं. कुठला पार्ट बदलायचा आणि कुठला नाही, हे सांगता येणं हा खरा धंदा. आजचा लेख त्याच्यावर आहे. उदाहरण म्हणून आपल्याकडे गल्लीगल्लीत दिसणारी १०० सीसीची स्प्लेंडर घेऊ आणि तक्रारी घेऊ दोनच: क्लच आणि इलेक्ट्रिक. कारण छोट्या गॅरेजमध्ये सगळ्यात जास्त चुकीचे पार्ट याच दोन ठिकाणी बदलले जातात.

आणि हे मी पुस्तकातून सांगत नाहीये. याची फी मी स्वतः भरलेली आहे.

दूधवाल्या अण्णांची गाडी

दुकान काढून वर्षभर झालं होतं. बीबीए झालेलं, त्यामुळे काउंटर, स्टॉक, उधारीची वही सगळं टापटीप. मागे गॅरेजमध्ये दोन मेकॅनिक. गाडीचं मला स्वतःला फार कळत नव्हतं, आणि ते कळायला पाहिजे असंही तेव्हा वाटत नव्हतं.

जवळच्या गावातून रोज पहाटे दूध घेऊन येणारे एक अण्णा होते. स्प्लेंडरला दोन्ही बाजूंना किटल्या. एक दिवस गाडी घेऊन आले. म्हणाले, "मालक, गाडी नुसती बोंबलतीया, ओढत काय नाही." मेकॅनिकने एक चक्कर मारली आणि सांगितलं, "क्लच प्लेटा गेल्या." प्लेटा बदलल्या, ऑइल बदललं, बिल झालं, अण्णा गेले.

तीन आठवड्यांनी अण्णा परत. तीच तक्रार. आम्ही म्हणालो, प्लेटा डुप्लिकेट लागल्या असतील. परत नवा सेट टाकला, मजुरी निम्मी घेतली. मनात आलं, बघा, आपण किती चांगले!

तिसऱ्यांदा आले ते सकाळी शटर उघडायच्या आधी. चढावर गाडी घसरायला लागली, संकलनाची वेळ टळली, त्या दिवसाचं दूध परत घरी न्यावं लागलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसते पायरीवर बसले.

समोरच्या टपरीवर चहा प्यायला एक जुने मिस्त्री यायचे, तात्या. त्यांनी प्लेटा बघितल्या नाहीत, क्लच बघितला नाही. एकच प्रश्न विचारला, "ऑइल कुठलं टाकतोस?"

मी काउंटरवरचा डबा दाखवला. एका स्कीममध्ये स्वस्तात मिळालेलं कारचं ऑइल होतं ते. ऑइल ते ऑइल, असा माझा हिशोब. तात्यांनी डबा फिरवून पाहिला आणि परत ठेवला. मग मी वही काढली. पहिल्यांदा क्लच घसरायच्या महिनाभर आधी अण्णांनी ऑइल बदललं होतं. माझ्याच दुकानातून, त्याच डब्यातलं. पुढे दोन्ही वेळा नव्या प्लेटा टाकल्या, आणि दोन्ही वेळा त्यांच्यावर तेच ऑइल ओतलं.

म्हणजे रोग मीच विकला होता, आणि औषधाचे पैसेही मीच घेतले होते.

दोन्ही बिलांचे पैसे परत केले, त्या दिवसाच्या दुधाचेही दिले. तिसरा सेट आणि योग्य ऑइल फुकट टाकलं. तो डबा कुणाकुणाला विकला होता ते वहीतून शोधून एकेकाला फोन केला. त्या महिन्याचा नफा तिथेच संपला. अण्णांनी पैसे मोजून घेतले आणि एवढंच म्हणाले, "मालक, तुम्ही मला फसवलं नाय. पण तुम्हाला कळतबी नव्हतं."

हे दुसरं वाक्य जास्त लागलं. त्याच आठवड्यापासून मी दुपारी दोन तास तात्यांच्या हाताखाली बसायला लागलो.

आधी चार पायऱ्या पाठ करा

विचारा. बघा. मोजा. मग उघडा. याच क्रमाने.

विचारायला शून्य रुपये लागतात, बघायला शून्य, मोजायला पाच मिनिटं. उघडायला मात्र ऑइल, गॅस्केट, मजुरी आणि अर्धा दिवस. नवा मेकॅनिक हा क्रम उलटा करतो. गाडी आली की पाना हातात.

विचारायचे प्रश्न ठरलेले ठेवा. कधीपासून होतंय? गाडी थंड असताना होतं की गरम झाल्यावर? रोजच होतं की कधीमधी? आणि सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न: हे सुरू व्हायच्या आधी गाडीला काय काम केलं होतं? ऑइल बदललं, गाडी धुतली, नवा हॉर्न बसवला, हँडल बदललं, कुठे पडली. निम्मे फॉल्ट या एका उत्तरातच हाती लागतात. अण्णांना मी हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारला असता, तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

क्लच: तक्रार घसरण्याची की न सुटण्याची?

गिऱ्हाईक सांगताना एवढंच सांगतं, "क्लचला प्रॉब्लेम आहे." आपल्याला आधी ठरवायचं असतं की दोन उलट्या रोगांपैकी कुठला.

पहिला रोग, क्लच घसरणं. इंजिन ओरडतं पण गाडी त्या मानाने पळत नाही. चढाला आणि डबलसीटला जास्त जाणवतं. अॅव्हरेज पडतं.

दुसरा रोग, क्लच पूर्ण न सुटणं. लिव्हर दाबूनही गाडी पुढे ओढते, पहिला गिअर टाकताना खाडकन आवाज येऊन धक्का बसतो, सिग्नलला उभं असताना न्यूट्रल लागत नाही.

घसरणं ओळखायची सोपी टेस्ट अशी. मोकळ्या रस्त्यावर टॉप गिअरमध्ये मध्यम वेगात जा आणि अॅक्सिलरेटर एकदम पिळा. इंजिनाचा आवाज झपकन वाढला आणि वेग मागे राहिला, तर क्लच घसरतोय. जागेवर करायची असेल तर पुढचा ब्रेक घट्ट धरा, टॉप गिअर टाका, थोडी रेस देऊन लिव्हर हळूहळू सोडा. चांगल्या क्लचवर इंजिन बंद पडतं. चालूच राहिलं तर क्लच घसरतोय. ही टेस्ट एकदाच करायची. पुन:पुन्हा केली तर आपणच प्लेटा जाळू. आणि गाडीसमोर कुणालाही उभं करू नका.

आता बघा. लिव्हरच्या टोकाला किती प्ले आहे? या गाड्यांना साधारण १० ते २० मिमी लागतो, म्हणजे ओढ लागायच्या आधी लिव्हरचं टोक एवढं मोकळं हललं पाहिजे. प्लेच नसेल तर लिव्हर सोडलेला असतानाही क्लच थोडा दाबलेलाच राहतो आणि घसरतो. प्ले खूप जास्त असेल तर लिव्हर पूर्ण दाबूनही क्लच सुटत नाही. म्हणजे दोन्ही रोगांचं पहिलं औषध एकच आहे: केबलचा अॅडजस्टर आणि दोन पाने. पाच मिनिटांचं काम.

मग केबल. लिव्हरजवळच्या टोकाला तारा तुटल्या आहेत का, बाहेरचं कव्हर कुठे चेपलंय का, आत सुकलीये का. गाडी स्टँडवर घ्या, हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवा आणि दोन्ही टोकांना लिव्हरचा प्ले बघा. बदलत असेल तर केबल चुकीच्या वाटेने नेलेली आहे, कुठेतरी ताणते. हँडल बदलून आलेल्या गाड्यांत हे हमखास सापडतं.

मग ऑइल. इथे जरा थांबूया, कारण हे समजलं की पुढचं सगळं समजतं. कारचा क्लच साधारणपणे इंजिनाच्या बाहेर, कोरडा असतो. आपल्या मोटारसायकलच्या क्लच प्लेटा मात्र इंजिन ऑइलमध्येच बुडून फिरतात. आजच्या कारच्या अनेक ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी रसायनं घातलेली असतात. इंजिनाला ती चांगली, पण क्लच चालतो तोच मुळी घर्षणावर. ते ऑइल प्लेटांमध्ये शिरलं की प्लेटा एकमेकींना धरत नाहीत. म्हणून मोटारसायकलच्या ऑइलच्या डब्यावर ग्रेडसोबत 'जासो एमए' किंवा 'एमए२' असा शिक्का शोधायचा. ते ओल्या क्लचसाठीचं जपानी मानक आहे. स्प्लेंडरला कंपनी १०डब्ल्यू-३० ग्रेड सांगते. काउंटरवर बसणाऱ्या प्रत्येक पोराला हे तोंडपाठ पाहिजे. कारण गिऱ्हाईक डबा वाचत नाही, आपल्यावर विश्वास ठेवतं.

ऑइल किती आहे आणि किती जुनं आहे, हेही बघा. क्लच न सुटण्याचं कारण कधी कधी घट्ट झालेलं, काळंकुट्ट ऑइल असतं. विशेषतः सकाळी थंड गाडीला.

एवढं करूनही घसरतोय, तर मग उघडा. ऑइल काढायचं, किक काढायची, उजव्या बाजूचं कव्हर उतरवायचं. आणि उघडलंच आहे तर नुसत्या प्लेटा टाकून बंद करू नका. फ्रिक्शन प्लेटची जाडी व्हर्नियरने मोजा आणि मॅन्युअलमधल्या मर्यादेशी ताडून पाहा. लोखंडी प्लेट सपाट काचेवर ठेवून कडेने फिलर गेज घाला. वाकली असेल तर गेज आत जातो. निळसर डाग म्हणजे ती जळालेली. स्प्रिंगची लांबी मोजा. दमलेली स्प्रिंग नव्या प्लेटांनाही दाबून धरत नाही. आणि हाऊसिंगच्या ज्या खाचांमध्ये प्लेटांचे कान बसतात, तिथे बोट फिरवा. कडा झिजून खड्डे पडले असतील तर प्लेटा तिथे अडकतात आणि क्लच सुटत नाही. नवा सेट टाकूनही "क्लच जड आहे, झटके देतो" अशी तक्रार परत येते, त्यामागे बऱ्याचदा हेच असतं.

नव्या प्लेटा बसवायच्या आधी योग्य ऑइलमध्ये भिजवून ठेवा. कोरड्या बसवल्या तर पहिल्या काही मिनिटांतच त्यांचा पृष्ठभाग जळू शकतो. स्प्रिंगचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करत आवळा. एक पूर्ण आवळून मग दुसरा, असं नाही.

इलेक्ट्रिक: अंदाज बंद, आकडे सुरू

क्लच निदान हाताला जाणवतो. करंट दिसत नाही, म्हणून तिथे अंदाज फार चालतो. बॅटरी बदल, नाहीतर सीडीआय बदल, नाहीतर कॉइल बदल. आणि लक्षात ठेवा, बहुतेक होलसेल काउंटरवर पाटी असते: इलेक्ट्रिक पार्ट परत घेतला जाणार नाही. अंदाज चुकला की तो पार्ट आपल्या कपाटात पडून राहतो.

साधन एकच, डिजिटल मल्टिमीटर. पाचशे ते हजार रुपयांत कामाचा मिळतो. जोडीला इंडिकेटरच्या बल्बला दोन वायरी जोडून टेस्ट लॅम्प बनवा. एवढ्यावर छोट्या गाडीचे बहुतेक फॉल्ट पकडता येतात. क्रम असा ठेवा.

पहिलं रीडिंग, बॅटरी विश्रांतीत असताना. गाडी काही तास बंद असावी. १२.६ व्होल्ट किंवा जास्त म्हणजे पूर्ण चार्ज. १२.४ च्या आसपास म्हणजे थोडी उतरलेली. १२ किंवा खाली म्हणजे रिकामी. पण रिकामी म्हणजे खराब नव्हे! आधी चार्ज करा, मग निर्णय घ्या. घरातला पाण्याचा हंडा रिकामा झाला म्हणून कुणी हंडा बदलत नाही. आधी नळाला पाणी येतंय का ते बघतो.

दुसरं रीडिंग, सेल्फ मारताना. चार्ज केलेल्या बॅटरीवर मीटर लावून सेल्फ दाबा. आकडा साडेनऊ-दहाच्या खाली कोसळला तर बॅटरीत जीव नाही. आकडा टिकला आणि तरी सेल्फ फिरत नाही, तर बॅटरीला सोडा आणि रिले, स्टार्टर मोटरचे कार्बन आणि जोडण्या बघा.

तिसरं रीडिंग, चार्जिंग. गाडी चालू करून थोडी रेस द्या. बॅटरीच्या टोकांवर साधारण साडेतेरा ते पावणेपंधरा व्होल्ट दिसले पाहिजेत. आकडा बारा-साडेबारावरच अडकला तर चार्जिंग होत नाही. पंधराच्या वर गेला तर रेग्युलेटर रेक्टिफायर गेलाय. बल्ब वारंवार उडतात, बॅटरी तापते, ते यामुळेच. अशा गाडीला नवी बॅटरी टाकली तर ती पण जाणार. मग वॉरंटी क्लेमवरून भांडण, आणि गिऱ्हाइकाच्या नजरेत चोर आपण.

चार्जिंग नाही म्हणून लगेच रेग्युलेटर बदलू नका. मॅग्नेटकडून येणारा कपलर सोडवून पिना बघा. हिरवा गंज किंवा वितळलेलं प्लास्टिक दिसलं तर चोर बहुतेक तिथेच आहे. मग कॉइलचा रेझिस्टन्स मॅन्युअलशी ताडून बघा. इथे एक गंमत आहे. काही मॉडेलमध्ये कॉइलचं एक टोक मुद्दामच बॉडीला अर्थ केलेलं असतं. मीटरने अर्थ दाखवला म्हणून "कॉइल शॉर्ट आहे" असं म्हणत चांगला मॅग्नेट फेकून देणारे मी पाहिलेत. त्या मॉडेलचा वायरिंग डायग्राम समोर ठेवा. कॉपी काढून लॅमिनेट करून भिंतीला लावा.

चौथं रीडिंग, अर्थ. हे सगळ्यात दुर्लक्षित. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. एक पिन बॅटरीच्या मायनसला, दुसरी इंजिनाच्या स्वच्छ धातूला. आता सेल्फ मारा. अर्थ चांगला असेल तर आकडा जवळजवळ शून्य राहतो, पॉइंट दोनच्या आसपास किंवा खाली. अर्धा-एक व्होल्ट दिसला तर अर्थची जोडणी गंजलीये किंवा सैल आहे. बोल्ट काढा, पॉलिश पेपरने घासा, परत आवळा. खर्च शून्य. "इंडिकेटर दिला की हेडलाइट मंद होतो, हॉर्न दाबला की इंडिकेटर मिणमिणतो" अशा भुताटकीच्या तक्रारींत आधी इथेच जा.

पाचवं, चोरवाट. रात्री चांगली असलेली बॅटरी सकाळी उतरलेली असते तेव्हा. चावी बंद करा, बॅटरीची मायनस वायर काढा आणि त्या वायरच्या व बॅटरीच्या मध्ये मीटर करंटवर लावा. सुरुवात मोठ्या रेंजपासून. जुन्या साध्या गाडीत आकडा शून्याजवळ हवा. जास्त दिसला तर एकेक कपलर काढत जा. ज्याला काढल्यावर आकडा पडला, तो चोर. बाहेरून बसवलेला मोबाइल चार्जर किंवा एलईडी पट्टी असायची शक्यता मोठी. या जोडणीत चुकूनही सेल्फ मारू नका. मीटरचा फ्यूज जाईल, कदाचित मीटरच जाईल.

फ्यूजबद्दल एकच ओळ. जितक्या अँपिअरचा होता तितक्याच अँपिअरचा टाकायचा. तार गुंडाळणं, सिगारेटच्या पाकिटाची चांदी लावणं, हे गाडी पेटवायचे उपाय आहेत. फ्यूज पुन:पुन्हा उडतोय म्हणजे तो आपल्याला काहीतरी सांगतोय.

कधीमधी होणारा फॉल्ट सगळ्यात त्रासदायक. गाडी आपल्याकडे आली की गुणी बाळासारखी चालते. अशा वेळी गाडी चालू ठेवून हँडल सावकाश दोन्हीकडे पूर्ण वळवा. कोनसेटजवळ वायरिंग घासून उघडं पडलेलं असतं, आणि नेमक्या एका कोनात इंजिन बंद पडतं. पावसाळ्यात किंवा गाडी धुतल्यावरच होत असेल तर प्लग कॅप आणि कपलर कोरडे करून बघा. आणि स्पार्क तपासताना प्लग बॉडीला टेकलेलाच पाहिजे. हवेत सोडून किक मारली तर चांगला सीडीआय खराब होऊ शकतो. पेट्रोल गळत असेल तर ही तपासणी करूच नका.

रोग क्लचला, तक्रार इलेक्ट्रिकची

एक किस्सा सांगतो. एक कॉलेजचा मुलगा सेल्फवाली गाडी घेऊन आला. गिअरमध्ये गाडी बंद पडली की सेल्फ लागत नाही, न्यूट्रलला लागतो. दुसरीकडे त्याला नवी बॅटरी आणि रिले दोन्ही घालून झालं होतं. आमच्याकडे पाच मिनिटांत निघालं. अनेक सेल्फवाल्या मॉडेलमध्ये गिअरमध्ये असताना क्लच दाबल्याशिवाय सेल्फ लागत नाही, त्यासाठी लिव्हरपाशी छोटा स्विच असतो. त्याचा लिव्हर नुकताच बदलला होता. बाजारातला स्वस्त लिव्हर त्या स्विचला नीट दाबतच नव्हता.

इथेही उत्तर त्याच प्रश्नात होतं: आधी काय काम केलं होतं? नव्या गाड्यांत साइड स्टँडचा स्विचही अशीच फजिती करतो. आणि १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींना हेडलाइट कायम चालू राहण्याची सक्ती आहे. तेव्हा त्यानंतरच्या गाडीवर "लाइट बंदच होत नाही" ही तक्रार आली तर वायरिंग उघडून बसू नका.

आता धंद्याचं बोलू

"सर, एवढं तपासत बसलो तर दिवसाला गाड्या किती होतील?" हा प्रश्न येतोच. माझं उत्तर असं आहे.

तपासणीचे पैसे घ्या. आमच्याकडे निदानाचे १०० रुपये आहेत, पाटी लावलेली आहे. काम आमच्याकडेच केलं तर ते बिलात वळते होतात. सुरुवातीला लाज वाटली, दोन-चार गिऱ्हाइकं निघूनही गेली. पण ज्या दिवशी तुम्ही तपासणीचे पैसे घेता, त्या दिवसापासून पार्ट विकल्याशिवाय पोट भरत नाही ही मजबुरी संपते. "काही बदलायची गरज नाही, केबल अॅडजस्ट केली, शंभर रुपये द्या" हे वाक्य तुम्ही ताठ मानेने बोलू शकता. आणि ते ऐकलेलं गिऱ्हाईक पुढच्या वेळी भावाची गाडी पण घेऊन येतं.

प्रत्येक गाडीचं जॉब कार्ड करा. साधी वही चालेल. तक्रार गिऱ्हाइकाच्या शब्दांत, आधीचं काम, घेतलेली रीडिंग, काय बदललं, ऑइल कुठलं टाकलं, किलोमीटर. अण्णांची चूक मला वहीमुळेच सापडली. वही होती, पण मी ती फक्त उधारीसाठी उघडत होतो.

काढलेला जुना पार्ट पिशवीत घालून गिऱ्हाइकाला द्या. त्याला तो नको असला तरी द्या.

परत आलेल्या गाड्यांची वेगळी यादी ठेवा. महिन्याच्या शेवटी विक्रीचा आकडा बघण्याआधी ही यादी बघा. परत आलेली गाडी म्हणजे फुकटची मजुरी, अडकलेली जागा आणि चौकातली बदनामी, तिन्ही एकदम.

आणि नाही म्हणायला शिका. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं आणि स्प्लेंडरसारख्या गाडीलाही कार्बोरेटरच्या जागी फ्युएल इंजेक्शन आलं. त्यात ईसीयू आहे, सेन्सर आहेत, पेट्रोलचा पंपही करंटवर चालतो. बॅटरी, अर्थ, फ्यूज, कपलर ही वरची तपासणी तिथेही उपयोगी पडतेच. पण स्कॅनर नसेल, ट्रेनिंग नसेल तर पुढे हात घालू नका. "हे माझ्याकडे होणार नाही, तिकडे न्या" असं सांगितलेलं गिऱ्हाईक तुटत नाही. ईसीयू जाळून दिलेलं मात्र कायमचं तुटतं.

सुरुवातीला ही साधनं घ्या: मल्टिमीटर, टेस्ट लॅम्प, व्हर्नियर, फिलर गेज, टॉर्क रेंच आणि एक चांगला बॅटरी चार्जर. हायड्रॉलिक रॅम्प, रंगीत बोर्ड, काचेचं केबिन हे सगळं नंतर. मुद्रा योजनेच्या शिशु गटात ५० हजारांपर्यंत कर्ज मिळतं, आणि ही यादी त्याच्या आत सहज बसते.

जाता जाता

अण्णा अजून येतात. गाडी तीच आहे. फक्त आता आले की आधी काउंटरवरचा ऑइलचा डबा हातात घेतात, फिरवून शिक्का बघतात आणि मग मेकॅनिकला देतात. मला आवडत नाही असं नाही. दुकानातल्या नव्या पोरांना मी मुद्दाम ते बघायला लावतो.

या आठवड्याचा गृहपाठ: स्वतःच्या, शेजाऱ्याच्या, मित्राच्या अशा पाच गाड्यांचा क्लच लिव्हरचा प्ले मोजा आणि बॅटरीची तीन रीडिंग घ्या: विश्रांतीत, सेल्फ मारताना, चार्जिंगला. वहीत लिहा. एकही बोल्ट उघडायचा नाही. पाचव्या गाडीपर्यंत तुमच्या लक्षात येईल की न उघडताही गाडी बरंच काही सांगते.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत विचारा, बघा, मोजा. मग उघडा.